निष्ठेचे गुण आणि उचलीची वही

१ मे १९८१ रोजी, जगभरातील कामगार आपला दिवस साजरा करीत असताना, अमेरिकन एअरलाइन्स या विमान कंपनीने आपल्या नेहमीच्या प्रवाशांसाठी एक योजना सुरू केली. जितके मैल प्रवास, तितके मैल खात्यावर जमा. पुरेसे जमले की एक प्रवास फुकट. १९८३ साली हॉलिडे इन आणि मॅरियट या हॉटेल-साखळ्यांनी तोच मार्ग धरला. मैलांच्या जागी पॉइंट आले, विमानाच्या जागी पंचतारांकित खोली आली. या दोन घटनांच्या मधल्या काळात, १८ जानेवारी १९८२ रोजी, मुंबईचा गिरणी कामगार संपावर गेला होता. गिरणीत तीन-तीन पिढ्या खपलेल्या माणसाच्या निष्ठेची किंमत मालकांनी आणि सरकारने काय केली, हे महाराष्ट्राने डोळ्यांनी पाहिले आहे. भांडवलशाहीने श्रमाच्या निष्ठेला कवडीमोल ठरवले आणि जवळपास त्याच वेळी खर्चाच्या निष्ठेला बक्षिसे लावली, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण योगायोग आहे.

आज चार दशकांनंतर मुंबई-पुण्याच्या सुस्थित मध्यमवर्गात या पॉइंटांचे एक शास्त्रच तयार झाले आहे. कोणत्या बँकेचे कार्ड कोणत्या दुकानात घासावे, कोणत्या महिन्यात पॉइंट कोणत्या साखळीकडे वळवावेत, गर्दी नसलेल्या दिवसांत कोणती खोली निम्म्या पॉइंटांत पदरात पडते, चार रात्रींचे पॉइंट भरले की पाचवी रात्र कोठे फुकट मिळते, याची चर्चा उच्चशिक्षित माणसे तासन्तास करतात. पंचवीस हजारांची खोली मूठभर पॉइंटांत मिळवणारा माणूस मित्रमंडळींत विद्वान ठरतो. परीक्षेत मिळतात ते गुण आणि येथे मिळतात तेही गुणच. फरक इतकाच की हे गुण बुद्धीचे, श्रमाचे किंवा सेवेचे नाहीत; ते केवळ खर्च केल्याचे आहेत.

या शास्त्राचे एक प्रयोगक्षेत्र मुंबईच्या उपनगरी गाड्या जेथे थांबतात तेथे, कर्जत आणि खोपोलीच्या परिसरात आहे. खालापूर तालुक्यात २०१३ साली इमॅजिका हे करमणुकीचे उद्यान सुरू झाले आणि २०१५ साली त्याला लागूनच नोव्होटेल या फ्रेंच साखळीच्या नावाचे हॉटेल उघडले. कर्जतला रॅडिसन ब्लू या परदेशी साखळीच्या नावाचे रिसॉर्ट उभे राहिले. त्याखेरीज नदीकाठचे बंगले आणि शेतघरे आहेत, ती निराळीच. शनिवार-रविवारी द्रुतगती मार्गावरून मोटारींची रांग घाटापर्यंत लागते. या मोटारींतील माणसे वाईट आहेत असे कोणी म्हणणार नाही. शहरातल्या कोंदट जिण्यातून दोन दिवस मोकळा श्वास घ्यावासा वाटणे हा गुन्हा नव्हे. विश्रांतीचा हक्क हा तर समाजवाद्यांनीच प्रथम मागितलेला हक्क आहे. प्रश्न त्या विश्रांतीचे बिल कोण भरतो, हा आहे.

पॉइंटांच्या समर्थकांचे उत्तर ठरलेले असते : ‘हे फुकट आहे. बँक देते, हॉटेल देते. हॉटेलची खोली एरवी रिकामीच राहिली असती. यात कोणाचे काय जाते?’ या युक्तिवादात एक अंश खरा आहे. रिकाम्या खोलीत एक पाहुणा उतरला तर हॉटेलचा जादा खर्च थोडाच असतो, आणि अशा रात्रीसाठी साखळी त्या इमारतीच्या मालकाला पूर्ण भाड्याऐवजी अल्पशी भरपाई देते. पण एवढ्यावर थांबणारा माणूस हिशेबाची एकच बाजू वाचतो. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही जाणतो की एखादी वस्तू फुकट दिसते तेव्हा तिची किंमत दुसऱ्याच कोणाच्या तरी पदरी मांडलेली असते. ती मांडणी येथे निदान तीन ठिकाणी सापडते.

पहिले ठिकाण म्हणजे दुकानदाराचा गल्ला. क्रेडिट कार्डाने शंभर रुपयांची खरेदी झाली की दुकानदाराच्या हाती शंभर रुपये पडत नाहीत. साधारण दीड ते अडीच रुपये बँका आणि कार्ड-कंपन्या कापून घेतात. त्या कपातीतूनच ग्राहकाचे पॉइंट जन्मतात. दुकानदार हा तोटा स्वतः सोसत नाही. तो मालाच्या किमतीत मिसळतो, आणि ती किंमत कार्डवाला आणि रोकडवाला दोघेही सारखीच मोजतात. म्हणजे कार्डवाल्याला पॉइंटांच्या रूपाने परत मिळणाऱ्या पैशात रोकडवाल्याचाही वाटा असतो. २०१० साली बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील तीन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेपुरता हा हिशेब मांडला. रोखीने व्यवहार करणारे सरासरी कुटुंब वर्षाला १४९ डॉलर कार्डवाल्यांच्या खिशात घालते आणि कार्डवाले सरासरी कुटुंब १,१३३ डॉलर मिळवते, असा त्यांचा निष्कर्ष होता. सर्वांत गरीब थर देणारा आणि सर्वांत श्रीमंत थर घेणारा, हेही त्यात स्पष्ट झाले. अमेरिकेचे आकडे भारताला जसेच्या तसे लावता येत नाहीत. यंत्रणा मात्र तीच आहे. २०२४ च्या आरंभी भारतातील क्रेडिट कार्डांची संख्या दहा कोटींच्या पुढे गेली. १४० कोटींच्या देशात दहा कोटी कार्डे, आणि एकेका खिशात तीन-तीन, चार-चार. म्हणजे पॉइंट मिळवणारे किती आणि न मिळवता किंमत मोजणारे किती, हे वेगळे सांगायला नको.

दुसरे ठिकाण म्हणजे कर्जबाजारी कार्डधारक. चलाख माणूस महिन्याचे बिल वेळेवर भरतो आणि पॉइंट उचलतो. पण बँकेचा धंदा चलाख माणसावर चालत नाही. तो ज्याला बिल भरता येत नाही त्याच्यावर चालतो. थकलेल्या बाकीवर वर्षाला ३६ ते ४२ टक्क्यांच्या घरात व्याज चढते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली ३० टक्क्यांवरील व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकाराला बिगरशेतकरी ऋणकोकडून विनातारण कर्जावरही १८ टक्क्यांहून अधिक व्याज घेता येत नाही. खेड्यातल्या सावकाराने जे केले तर तो कायद्याच्या कचाट्यात सापडतो, त्याच्या दुपटीहून अधिक काचेच्या इमारतीतल्या सावकाराने केले तर तो वित्तीय सेवा पुरवतो, असा हा न्याय आहे. पहिल्या नोकरीतल्या तरुणाने हप्ता चुकवावा आणि त्या व्याजाच्या आधाराने दुसऱ्या कोणी कर्जतच्या तरणतलावाकाठी पहुडावे, यात चलाखी असेल, निष्पापपणा नाही.

तिसरे ठिकाण सरकारी तिजोरीचे आहे. पॉइंटांच्या मोठ्या राशी घरखर्चातून जमत नाहीत. त्या कंपनीच्या खर्चाने केलेल्या प्रवासातून जमतात. अधिकारी कंपनीच्या पैशाने हॉटेलात उतरतो, बिल कंपनीच्या खर्चात जाते, तेवढा कंपनीचा करपात्र नफा घटतो, आणि पॉइंट मात्र अधिकाऱ्याच्या खाजगी खात्यावर पडतात. आजच्या सवलतीच्या कंपनी-कराच्या दरानेही अशा १०० रुपयांच्या खर्चामागे सुमारे २५ रुपयांच्या कराला समाज मुकतो. केंद्राच्या अर्थमंत्रालयाने काटकसरीच्या आदेशांत सरकारी प्रवासावर मिळालेले मैल सरकारी प्रवासासाठीच वापरण्याचा दंडक घालून दिला. मग खाजगी कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना मोकळे रान का? या प्रश्नाचे गांभीर्य जर्मनीने एकदा दाखवून दिले. २००२ साली सरकारी प्रवासावर जमलेले मैल खाजगी सहलीसाठी वापरल्याचे उघड झाले तेव्हा डाव्या पक्षाचे पुढारी ग्रेगोर गिझी यांनी बर्लिनच्या अर्थखात्याचे मंत्रिपद सोडले. रक्कम क्षुल्लक होती. पण जनतेच्या पैशातून उगवलेले फळ खाजगी ताटात पडले हे तत्त्व क्षुल्लक नव्हते, आणि समाजवादी माणसाला ते अधिकच लागू होते.

हे पॉइंट म्हणजे तरी काय? ते कंपनीने छापलेले खाजगी चलन आहे. त्याला रिझर्व्ह बँकेची हमी नाही, त्याचा दर कंपनी ठरवते आणि तिला वाटेल तेव्हा बदलते. २०२२ साली मॅरियटने कोणत्या हॉटेलला किती पॉइंट याचे ठरीव कोष्टकच मोडीत काढले. तेव्हापासून मागणीप्रमाणे पॉइंटांचा भाव चढतो-उतरतो. करोनाच्या साथीत, २०२० च्या एप्रिलमध्ये, हिल्टनने आपले पॉइंट १०० कोटी डॉलरना अमेरिकन एक्स्प्रेसला आगाऊ विकले. पुढच्या महिन्यात मॅरियटनेही ९२ कोटी डॉलर अशाच मार्गाने उभे केले. हॉटेले रिकामी होती, कामगार बिनपगारी घरी बसले होते, आणि तरीही पाहुण्यांच्या भावी मुक्कामाची चिठ्ठी रोख पैशाला विकली जात होती. कामगाराच्या वाट्याला अशी चिठ्ठी येऊ नये म्हणून ब्रिटनने १८३१ साली कायदा केला आणि भारतात १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने मजुरी चालू चलनातच दिली पाहिजे असे बंधन घातले. मालकाच्या दुकानातच चालणारी नाणी ही गुलामीची खूण आहे, हे कामगाराला लढून शिकावे लागले. सुशिक्षित ग्राहक तीच नाणी आज हौसेने गोळा करतो आणि तिला प्रतिष्ठा समजतो.

आता त्याच कर्जत-खालापुरातील दुसरे खाते उघडून पाहू. या दोन तालुक्यांच्या डोंगरकुशीत कातकरी, ठाकूर आणि महादेव कोळी यांच्या वाड्या आहेत. यांतील कातकरी हे केंद्र सरकारच्या यादीत विशेष दुर्बल आदिवासी गटात मोडतात. भातकापणी उरकली की अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. जाण्याआधी मालक किंवा मुकादम त्यांना ‘उचल’ देतो. सण, आजारपण, लग्न, घराचे छप्पर, यांत ती संपते. मग पावसाळ्याच्या तोंडापर्यंत नवरा-बायको माती कालवतात, विटा पाडतात. हजार विटांमागे मजुरी ठरलेली असते, पण हातात पडते ती आठवड्याची ‘खर्ची’. हिशेब हंगामाच्या शेवटी, आणि वही मालकाकडे. अवकाळी पावसाने कच्च्या विटा विरघळल्या तर नुकसान कोणाचे, खाडे किती, खर्ची किती, हे सारे ती वही सांगते. वाचता न येणाऱ्या माणसाने अंगठा उठवायचा. फिटले नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते, आणि आदल्या वर्षीच्या श्रमाने पुढच्या वर्षीचे श्रम गहाण पडतात.

ही दोन खाती शेजारी शेजारी ठेवली की आपल्या अर्थव्यवस्थेचा गाभा उघडा पडतो. एका खात्यात माणूस जितका खर्च करील तितके त्याचे येणे वाढते. दुसऱ्यात माणूस जितके कष्ट करील तितके त्याचे देणे टिकते. एकाला बँक वर्षातून दहा वेळा कळवते की आपले इतके पॉइंट शिल्लक आहेत; दुसऱ्याला हंगाम संपेपर्यंत आपली बाकी कळत नाही. एकाची निष्ठा ऐच्छिक, म्हणून तिला बक्षीस. दुसऱ्याची निष्ठा सक्तीची, म्हणून तिला फक्त नोंद. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ साली झाला. कर्जाच्या बदल्यात श्रम बांधून घेणे हा त्या कायद्याखाली गुन्हा आहे, आणि जिल्हा व उपविभाग पातळीवर दक्षता समित्या नेमण्याची तरतूद त्यात आहे. कागदावर सारे आहे. भट्टीवर वही आहे.

या मुलखाचे पाणीही असेच चढाकडे वाहते. खालापुरातील मोरबे धरणाचे पाणी नवी मुंबईच्या नळांना जाते. त्या धरणाच्या परिसरातच इर्शाळगड उभा आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच्या कुशीतील ठाकूर आदिवासींच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले; चार दिवसांनी शोध थांबला तेव्हा ५७ माणसे बेपत्ताच होती. वाडीपर्यंत मोटाररस्ता नव्हता. यंत्रे वर नेता येईनात, म्हणून जवान आणि स्वयंसेवक फावडी घेऊन पायी चढले. दरडप्रवण गावांच्या यादीत वाडीचे नाव नव्हते, असे सरकारनेच विधानसभेत सांगितले. पाहुण्याच्या आवडीनिवडीची, उशीच्या मऊपणापर्यंतची नोंद ठेवणारी यंत्रणा ज्या तालुक्यात काम करते, त्याच तालुक्यात डोंगराखाली झोपलेल्या माणसांची नोंद योग्य यादीत होत नाही. इर्शाळवाडी पॉइंटवाल्यांनी पाडली असे म्हणणे हा आचरटपणा ठरेल. पण कोणाची नोंद ठेवायची आणि कोणाची नाही, हे ठरवणारी समाजव्यवस्था एकच आहे, हे म्हणणे भागच आहे.

पर्यटनाने रोजगार येतो, हा दुसरा ठेवणीतला युक्तिवाद. रोजगार येतो, हे खरे. परंतु कोणता? कर्जत तालुक्यातच माथेरान आहे. इंग्रजाने १८५० साली ते शोधले, आणि पर्यटनाच्या पावणेदोन शतकांनंतर, ऑगस्ट २०२५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला की माणसाने माणसाला ओढून नेणाऱ्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा. इतक्या दीर्घ पर्यटनाने स्थानिक माणसाच्या खांद्यावरचे जू उतरवले नाही. ते न्यायालयाला उतरवावे लागले. म्हणून पर्यटनाला विरोध न करताही हे विचारलेच पाहिजे की नव्या हॉटेलांत वाडीवरच्या मुलीला कायम नोकरी मिळते की कंत्राटदाराची झाडू, भविष्यनिर्वाह निधी मिळतो की रोजंदारी. पंचतारांकित सुखाचे मोजमाप पाहुण्याच्या पॉइंटांवरून न करता चादर बदलणाऱ्या हातांच्या पगारावरून करण्याची सवय समाजाला लावावी लागेल.

काही सहृदय मंडळी म्हणतील की भांडवलदाराने टाकलेला तुकडा मध्यमवर्गाने उचलला तर त्यात बिघडले काय. उलट कंपनीलाच लुटल्याचे समाधान. हा भ्रम सर्वांत घातक आहे. कमी पॉइंटांत मोठी खोली पटकावणाऱ्याला वाटते की त्याने व्यवस्थेवर मात केली. वस्तुतः व्यवस्थेने त्याला विकत घेतले, आणि तेही त्याच्याच शेजाऱ्याच्या पैशाने. ज्याला व्यवस्थेतील फट सापडते तो व्यवस्था बदलण्याच्या भानगडीत पडत नाही. वेतनवाढीसाठी, सार्वजनिक रुग्णालयासाठी, गावच्या एसटीसाठी जी बुद्धी आणि चिकाटी खर्ची पडायची, ती कोष्टके पाठ करण्यात जाते. एकेकाळी संघटित होणारा मध्यमवर्ग आता एकेकटा हुशार होतो आहे.

याच कर्जत तालुक्याने दुसऱ्या प्रकारची बचतही पाहिली आहे. माथेरानच्या गरीब नाभिक कुटुंबात जन्मलेला विठ्ठल लक्ष्मण कोतवाल वकील झाला. वकिली त्याला सुखाचा मुक्काम मिळवून देऊ शकली असती. त्याने शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या आणि सावकाराच्या दारात जावे लागू नये म्हणून धान्याची पेढी उभारली. पेरणीला धान्य न्यावे, सुगीला परत करावे. खाते सर्वांचे आणि वही उघडी. बेचाळीसच्या लढ्यात भाई कोतवालांनी आझाद दस्ता उभा केला आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटलांसह हौतात्म्य पत्करले. त्या धान्यपेढीतही जमा होती, नोंद होती, परस्परांवरची निष्ठाही होती. पण ती निष्ठा माणसाची माणसाशी होती, गिऱ्हाइकाची दुकानाशी नव्हे.

म्हणून चळवळीने या प्रश्नाकडे नाक मुरडून पाहू नये; त्यातून नेमक्या मागण्या उभ्या कराव्यात. युरोपीय संघाने २०१५ साली क्रेडिट कार्डावरील बँकांच्या आपसातील शुल्काला ०.३ टक्क्यांची मर्यादा घातली. भारतात डेबिट कार्डाला मर्यादा आहे, क्रेडिट कार्डाला नाही. ती घातली पाहिजे. शुल्क घटले की पॉइंटांचा झरा आपोआप आटेल आणि त्यासोबत गरिबाच्या खिशाची छुपी कपातही. थकबाकीवरील व्याजाला सावकारी कायद्याच्या धर्तीवर कमाल मर्यादा हवी. कंपनीच्या खर्चातून जमलेले पॉइंट कंपनीचे मानावेत. अधिकाऱ्याने ते स्वतःसाठी वापरले तर पगाराप्रमाणे त्यावर कर घ्यावा.

कर्जत-खालापुरातील कार्यकर्त्यांचे काम याहून जवळचे आहे. कर्जतच्या प्रांत कार्यालयात वेठबिगार दक्षता समितीची बैठक शेवटची कधी झाली, हे लेखी विचारावे. दिवाळीपूर्वी वाड्यावाड्यांवर जाऊन कोणी कोणाकडून किती उचल घेतली याची नोंद करावी, आणि त्या नोंदीची एक प्रत कुटुंबाकडे ठेवावी. हंगामाच्या अखेरीस, मालक वही उघडील त्या दिवशी, भट्टीवर एक लिहिता-वाचता कार्यकर्ता कुटुंबाच्या बाजूने बसलेला असावा. याला क्रांती म्हणता येणार नाही. पण वही ज्याच्या हाती, सत्ता त्याच्या हाती. आणि त्या वहीची दुसरी प्रत वाडीवर पोहोचली की सत्तेचा एक कोपरा तरी हलतो.